पीकसंरक्षणाच्या बंदुकीसाठी योग्य काडतुसाची निवड

डोंगरपायथ्याच्या व जंगलालगतच्या गावांत रानडुकरांपासून पिकांना होणारा उपद्रव शेतकरी बंधूंना नव्याने सांगण्याची जरूरी नाही. भुईमूग, मका, ऊस, भात, ज्वारी, कंदपिके ही रानडुकरांची आवडती पिके होत. कळप एकदा शेतात शिरला म्हणजे तो जेवढे खातो त्याहून अधिक तुडवितो व उकरतो. हंगामभर केलेली मेहनत एका रात्रीत मातीस मिळते. या कारणाने काही शेतकरी रीतसर परवाना घेऊन पीकसंरक्षणासाठी बंदूक बाळगतात.

परंतु बंदूक घेताना जेवढा विचार केला जातो, तेवढा काडतूस घेताना होत नाही, असे पुष्कळदा आढळते. दुकानात जे मिळेल ते, अथवा शेजाऱ्याने जे वापरले ते, अशा रीतीने काडतूस घेतले जाते. याचे परिणाम तीन प्रकारचे होतात. एक म्हणजे जनावर जखमी होऊन पळते व तडफडून मरते. दुसरा म्हणजे असे जखमी डुक्कर दुसऱ्या दिवशी उसात किंवा झुडपात दडून राहते व कापणीस गेलेल्या माणसावर उलटते. तिसरा व सर्वांत घातक परिणाम म्हणजे चुकीच्या काडतुसाने नळी फुटून बार टाकणाऱ्याचाच हात अथवा डोळा जातो. यासाठी काडतुसाच्या निवडीचे नियम या पाठात क्रमाने दिले आहेत.

१. प्रथम बंदूक ओळखावी

काडतुसाची निवड बंदुकीपासून सुरू होते, जनावरापासून नव्हे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या तेराव्या कलमाप्रमाणे खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी मुख्यतः ठासणीच्या बंदुकीचा परवाना दिला जातो. ठासणीची बंदूक पुरेशी होणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाल्यास, कमीत कमी वीस इंच, म्हणजे सुमारे ५१ सेंटिमीटर लांब नळीच्या दुसऱ्या एखाद्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देता येतो. अशा बंदुकांत बारा बोअरची एकनळी किंवा दुनळी बंदूक सर्वत्र प्रचारात आहे. म्हणून या पाठात तिचाच विचार मुख्यत्वे केला आहे.

बोअर म्हणजे काय, हे समजून घेणे इष्ट आहे. एक पौंड शिशाचे सारख्या वजनाचे बारा गोल गोळे केले, तर त्यांतील एक गोळा ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअरची नळी होय. तिचा आतील व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर असतो. वीस गोळे केले तर प्रत्येक गोळा लहान होतो. म्हणून वीस बोअरची नळी बारीक असते. आकडा जितका मोठा, तितकी नळी बारीक, हे ध्यानात ठेवावे.

येथे एक धोका सांगणे अगत्याचे आहे. वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या बंदुकीत टाकले तर ते आत सरकून नळीच्या पुढील भागात अडकते. वरून पाहणाऱ्यास नळी रिकामी वाटते. तिच्यात मग बारा बोअरचे काडतूस भरून चाप ओढला म्हणजे नळीच्या चिंधड्या उडतात. सबब, घरात दोन निरनिराळ्या बोअरच्या बंदुका असल्यास काडतुसे एकाच डब्यात किंवा एकाच खिशात कधीही ठेवू नयेत.

२. काडतुसाची लांबी

बोअर जुळले म्हणजे काडतूस जुळले असे नव्हे. नळीच्या मागील बाजूस काडतूस बसण्याची जी खोली असते, तिचीही लांबी ठरलेली असते. जुन्या बंदुकांत ही लांबी बहुधा ६५ मिलिमीटर (अडीच इंच) असते. पुढील काळातील बंदुकांत ती ७० मिलिमीटर (पावणेतीन इंच) किंवा ७६ मिलिमीटर (तीन इंच) आढळते.

काडतुसावर छापलेली लांबी ही बार झाल्यानंतर तोंड उघडलेल्या कवचाची असते, न उडालेल्या काडतुसाची नव्हे. न उडालेल्या काडतुसाचे तोंड आत दुमडलेले असल्यामुळे ७० मिलिमीटरचे काडतूस ६५ मिलिमीटरच्या खोलीत सहज बसते. बंदूक नीट मिटते आणि शेतकऱ्याची समजूत होते की काडतूस बरोबर आहे. पण बार होताच दुमडलेले तोंड उघडते, त्यास पुढे जागा मिळत नाही, छर्ऱ्यांची वाट अरुंद होते आणि नळीतील दाब एकदम वाढतो. वडिलोपार्जित जुन्या बंदुकीस असा दाब सोसेलच असे नाही. तेव्हा "काडतूस बसले म्हणजे चालते" हा समज सोडून द्यावा. नळीवर कोरलेली लांबी परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडून वाचून घ्यावी व ती घरच्या नोंदवहीत लिहून ठेवावी. खोलीपेक्षा आखूड काडतूस चालते. लांब काडतूस कधीही वापरू नये.

त्याचप्रमाणे लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून घडविलेल्या फार जुन्या नळ्या काळ्या दारूसाठी केलेल्या असतात. नळीच्या पृष्ठभागावर वेलबुट्टीसारखी नागमोडी रेघ दिसली, तर जाणकाराकडून तपासणी झाल्याशिवाय तिच्यात बिनधुराच्या दारूची आधुनिक काडतुसे उडवू नयेत.

३. छर्ऱ्याचा आकार

काडतुसात तळाशी टोपी, तिच्यावर दारू, त्यावर बूच आणि त्यापुढे छर्रे अशी रचना असते. बारा बोअरच्या सर्वसाधारण काडतुसात २८ ते ३२ ग्रॅम शिसे असते. शिशाचे वजन जवळपास ठरलेले असल्यामुळे छर्रा मोठा घेतला की संख्या कमी होते आणि बारीक घेतला की संख्या वाढते. निवडीचे सारे मर्म यात आहे. एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम शिशात प्रचलित प्रकारांचे छर्रे अंदाजे पुढीलप्रमाणे येतात.

एल.जी. : व्यास ९.१ मि.मी., छर्रे ६
एस.जी. : व्यास ८.४ मि.मी., छर्रे ८
ए.ए.ए. : व्यास ५.२ मि.मी., छर्रे ३५
बी.बी. : व्यास ४.१ मि.मी., छर्रे ७०
४ नंबर : व्यास ३.१ मि.मी., छर्रे १७०
६ नंबर : व्यास २.६ मि.मी., छर्रे २७०

एस.जी.चा एक छर्रा सुमारे साडेतीन ग्रॅम भरतो, तर ६ नंबरचा छर्रा एक ग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याएवढाच असतो. हलका छर्रा हवेत लवकर मंदावतो व अंगात खोल जात नाही. पूर्ण वाढलेल्या नर डुकराच्या खांद्यावर चिवट कातड्याची व कूर्चेची जाड ढाल असते. तिच्यातून ४ किंवा ६ नंबरचे छर्रे आत पोचत नाहीत. ते कातडीत रुततात, जखमा चिघळतात आणि जनावर काही दिवसांनी मरते. "मारायचे नाही, नुसते पळवायचे आहे" म्हणून बारीक छर्रा झाडणे हे म्हणूनच क्रूरपणाचे व बेकायदेशीरही आहे. ए.ए.ए. देखील रानडुकरास अपुरा आहे. रानडुकरासाठी एस.जी. किंवा एल.जी. याहून लहान छर्रा घेऊ नये.

रोही हे जनावर दोनशे किलोग्रॅमच्या वर भरू शकते. त्याच्यासाठी छर्ऱ्याचे काडतूस योग्य नाही. रोह्याचा उपद्रव असल्यास तो प्रश्न वनखात्याच्या माणसांकडेच सोपवावा. माकडे, मोर, पोपट यांवर बंदुकीचा उपयोग करूच नये.

४. अंतराचा हिशेब

एस.जी.चे काडतूस शंभर पावलांवर डुक्कर पाडते, अशी समजूत गावोगाव आहे. ती कितपत खरी, हे साध्या हिशेबाने पाहू.

तोंडाशी अरुंद न केलेल्या, म्हणजे सरळ नळीतून बार टाकला, तर सुमारे ३६ मीटर (४० यार्ड) अंतरावर एकंदर छर्ऱ्यांपैकी साधारण शेकडा ४० छर्रे ७५ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात पडतात. एस.जी.चे आठ छर्रे धरले तर त्या वर्तुळात तीनच येतात. आता डुकराच्या काळजाची व फुप्फुसाची जागा सुमारे २३ सेंटिमीटर व्यासाची धरावी. हे क्षेत्र मोठ्या वर्तुळाच्या जवळपास दहाव्या हिश्श्याएवढे आहे. मध्यभागी छर्रे थोडे दाट पडतात हे जमेस धरले, तरी त्या जागी सरासरीने अर्धा छर्राही पडत नाही. म्हणजे नेम अचूक असूनही बहुतेक वेळा जनावर केवळ जखमी होणार.

हेच अंतर निम्मे, म्हणजे १८ मीटर केले, तर आठांपैकी सुमारे सात छर्रे मोठ्या वर्तुळात राहतात व मर्मस्थानी एक किंवा दोन छर्रे पडण्याची आशा धरता येते. यावरून नियम असा निघतो की, सरळ नळीच्या बंदुकीने वीस मीटरच्या आत, व तोंडाशी अरुंद केलेल्या म्हणजे चोक असलेल्या नळीने पंचवीस मीटरच्या आतच बार टाकावा. त्यापुढे तो टाकू नये. अधिक जोरदार काडतूस हा अंतराला पर्याय नाही.

अंतर रात्री फसवे असते. यासाठी राखणीच्या माळ्यापासून वीस पावले दिवसा मोजून तेथे चुना लावलेले दगड मांडावेत. दगडाच्या आत जनावर आले तरच बंदुकीचा विचार करावा.

५. कागदावरील परीक्षा

एकाच आकाराची काडतुसे दोन निरनिराळ्या बंदुकांतून निरनिराळ्या तऱ्हेने पसरतात. म्हणून एल.जी. चांगले की एस.जी., या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे, तर आपल्या बंदुकीला विचारून घ्यावे. परवाना अधिकारी व पोलीस ठाणे यांच्या संमतीने, ठरवून दिलेल्या सुरक्षित जागी, मातीच्या उंच बांधापुढे मोठा कागद ताणून बसवावा. वीस मीटरवरून प्रत्येक प्रकारच्या काडतुसाचे दोन किंवा तीन बार टाकावेत. कागदावर ताटाएवढे, सुमारे २३ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ काढून त्यात किती छर्रे पडले ते मोजावे. ज्या काडतुसाचे छर्रे प्रत्येक वेळी वर्तुळात अधिक पडतात, ते त्या बंदुकीचे काडतूस. दुनळी बंदुकीत दोन्ही नळ्यांची परीक्षा निराळी घ्यावी. कारण बहुधा उजवी नळी मोकळी व डावी अधिक अरुंद असते.

चार-सहा काडतुसांचा हा खर्च व्यर्थ नव्हे. बियाणे पेरण्यापूर्वी आपण उगवणशक्ती पाहतो, त्याच जातीची ही परीक्षा आहे.

६. एकेरी गोळी

छर्ऱ्याऐवजी एकच मोठी गोळी असलेली काडतुसेही मिळतात. ती खोल घुसते, यात शंका नाही. परंतु तिच्या बाबतीत दोन बंधने आहेत. पहिले, चोक असलेल्या नळीतून एकेरी गोळी, ती त्या नळीस चालते असे उत्पादकाने स्पष्ट सांगितल्याशिवाय, उडवू नये. नळीचे तोंड फाटण्याचा संभव असतो. दुसरे, ती फार दूर जाते. ६ नंबरचा छर्रा सुमारे दोनशे मीटरवर खाली पडतो, एस.जी.चा छर्रा साडेसहाशे मीटरपर्यंत जाऊ शकतो, आणि एकेरी गोळी एक किलोमीटरच्याही पलीकडे पोचू शकते. सह्याद्रीच्या पठारावरील कातळावर गोळी आपटून दिशा बदलते व कोठे जाईल याचा नेम राहत नाही. म्हणून दाट वस्तीच्या शिवारात व कातळ जमिनीवर एकेरी गोळी वर्ज्य समजावी.

कोणतेही काडतूस असो, बार नेहमी माळ्यावरून खाली, मातीच्या दिशेने टाकावा. चुकलेला छर्रा जमिनीत गडप झाला पाहिजे. सपाटीवर उभे राहून समोरच्या उसाच्या फडावर बार टाकणे म्हणजे फडापलीकडे राखणीस बसलेल्या शेजाऱ्यावर बार टाकण्यासारखेच आहे.

७. रायफलीचा प्रश्न

काही शेतकरी विचारतात की, रायफल का घेऊ नये? रायफलीची गोळी दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते. आपल्याकडील शिवारे लहान, वस्त्या जवळजवळ व राखणदार रानोमाळ विखुरलेले; अशा ठिकाणी पीकसंरक्षणास ती सोयीची नाही. कायद्यानेही पीकसंरक्षणासाठी गुळगुळीत नळीचीच बंदूक सांगितली आहे.

तथापि, "बंदूक काडतूस ठरविते" हा नियम समजण्यास रायफलीचे एक उदाहरण उपयोगी पडेल. अमेरिकेतील पशुपालक व शेतकरी यांच्यात तरफेने, म्हणजे चापाभोवतालची कडी खाली-वर करून भरावयाची रायफल एकोणिसाव्या शतकापासून रूढ आहे. १८९४ सालच्या विंचेस्टर नमुन्याची रायफल यांपैकी प्रसिद्ध आहे. तिची काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या एका लांब नळीत एकापुढे एक अशी राहतात. त्यामुळे मागील गोळीचे टोक पुढील काडतुसाच्या टोपीवर टेकते. टोक अणकुचीदार असेल तर धक्क्याने टोपी फुटून सारी नळी पेटण्याचा धोका असतो. म्हणून १८९५ पासून मिळू लागलेल्या तिच्या थर्टी-थर्टी या काडतुसात गोळीचे टोक चपटे ठेवीत आले. चपटी गोळी हवेत लवकर मंदावते. पण झाडीतील हरणाच्या दीडशे मीटरपर्यंतच्या शिकारीस ती पुरेशी ठरली. अधिक टोकदार व अधिक लांब जाणारी काडतुसे जगात होती. तरी त्या रायफलीस ती योग्य नव्हती. बंदुकीची रचना, जनावर व अंतर या तिन्हींचा मेळ ज्यात बसतो तेच काडतूस योग्य, हा धडा बारा बोअरलाही तसाच लागू आहे.

८. ठासणीच्या बंदुकीविषयी

ठासणीच्या बंदुकीत काडतूस नसते. दारूचे माप हेच तिचे काडतूस होय. तिच्यात काळीच दारू, ठरलेल्या मापाने भरावी. अंदाजाने मूठभर दारू ओतू नये. आधुनिक काडतूस फोडून त्यातील बिनधुराची दारू ठासणीच्या बंदुकीत भरणे हे प्राणघातक आहे, कारण तेवढ्याच मापात तिचा दाब कितीतरी अधिक असतो. छर्ऱ्याच्या जागी खिळे, खडे, सायकलीची बेअरिंगे घालू नयेत. केवळ आवाजासाठी बार काढावयाचा असल्यास तोंड आकाशाकडे व माणसांपासून दूर धरावे. ठासलेला बोळाही जवळून इजा करतो.

९. खरेदी, साठवण व फुसके बार

काडतुसे परवानाधारक विक्रेत्याकडूनच, परवान्यावर नोंद करवून घ्यावीत. पुण्याजवळील खडकी येथील दारूगोळा कारखान्यातही बारा बोअरची काडतुसे तयार होतात. जुनी काडतुसे पुन्हा भरून देणाऱ्यांकडून घेऊ नयेत. कोकणातील व घाटमाथ्यावरील दमट हवेत कागदी कवच फुगते व पितळेवर हिरवा गंज चढतो. अशी काडतुसे बाद समजून पोलीस ठाण्याच्या सल्ल्याने त्यांची विल्हेवाट लावावी. चांगली काडतुसे झाकणाच्या कोरड्या डब्यात, चुलीपासून दूर, कुलूपबंद ठेवावीत. बंदूक व काडतुसे एकाच पेटीत ठेवू नयेत.

चाप ओढूनही बार न झाल्यास तोंड सुरक्षित दिशेस धरून निदान अर्धा मिनिट थांबावे. काही वेळा दारू उशिरा पेटते. मगच बंदूक उघडावी. बार फुसका वाटल्यास दुसरे काडतूस भरण्यापूर्वी नळीतून आरपार उजेड दिसतो की नाही ते पाहावे. बूच नळीत अडकले असेल आणि त्यावर दुसरा बार झाला, तर नळी फुटते.

१०. परवान्याने शिकारीची परवानगी मिळत नाही

बंदुकीचा परवाना असणे आणि रानडुक्कर मारण्याची परवानगी असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अकराव्या कलमाप्रमाणे, उभ्या पिकास उपद्रव करणाऱ्या जनावराबद्दल अधिकृत वनाधिकाऱ्याचा लेखी आदेश जरूर आहे. आदेशातील मुदत, क्षेत्र व अटी काटेकोरपणे पाळाव्यात. अशा आदेशान्वये मारलेले जनावर शासनाची मालमत्ता असते. त्याचे मांस वाटून घेता येत नाही. वनखात्यास ताबडतोब वर्दी द्यावी. पीकनुकसानीचा अर्ज व पंचनामा विनाविलंब करून घ्यावा. त्यासाठी जनावर मारलेच पाहिजे असे नाही.

कुंपणात विजेची तार सोडणे किंवा पिठात गावठी स्फोटक लपविणे हे प्रकार गुन्ह्याचे तर आहेतच. शिवाय त्यांत गुरे, कुत्री व माणसेही बळी पडतात. सौरऊर्जेवरील मंद झटक्याचे मान्य कुंपण, सामुदायिक राखण आणि शिवारालगतची झुडपे साफ ठेवणे हे उपाय आधी योजावेत. बंदूक हा शेवटचा उपाय आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

आपल्या गावातील पीकसंरक्षण परवानाधारकांची एक बैठक हंगामापूर्वी घ्यावी. प्रत्येकाकडून बोअर, खोलीची लांबी, नळीचा प्रकार व जवळची काडतुसे यांची माहिती घेऊन न जुळणारी काडतुसे तेथेच बाजूला काढावयास लावावीत. कोणत्या रात्री कोण कोठल्या माळ्यावर बसणार याचा तक्ता चावडीवर लावावा, म्हणजे अंधारात हलणारी आकृती डुकराची की शेजाऱ्याची, असा प्रसंग येणार नाही. जे स्पष्ट दिसले नाही, त्यावर बार टाकावयाचा नाही, हा नियम सर्वांकडून वदवून घ्यावा.

उजळणीसाठी प्रश्न

१) ७० मिलिमीटरचे काडतूस ६५ मिलिमीटरच्या खोलीत बसते, तरी ते का वापरू नये?
२) रानडुकरावर ६ नंबरचा छर्रा झाडल्यास काय होते?
३) वीस मीटरच्या मर्यादेचे कारण हिशेबाने समजावून सांगा.
४) आपल्या शिवारात एकेरी गोळी वापरणे सुरक्षित आहे काय? जमीन व वस्ती पाहून उत्तर द्या.
५) बंदुकीचा परवाना व वनाधिकाऱ्याचा आदेश यांत काय फरक आहे?

या प्रश्नांची उत्तरे ज्याला देता येतील, त्याच्या हाती बंदूक पिकाचे रक्षण करील. ज्याला ती देता येत नाहीत, त्याने काडतूस विकत घेण्यापूर्वी हा पाठ पुन्हा एकदा वाचावा.